अंदमानात काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहताना : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पोहता येत नाही, पाण्याची धास्ती वाटते, गुडघे दुखतात किंवा चष्मा काढून मुखवटा चढवायचा म्हटले की पुढचे काहीच दिसत नाही, अशा मंडळींनाही समुद्राचा तळ पाहता यावा म्हणून बोटीच्या बुडाला जाड काच बसवण्याची युक्ती निघाली. अंदमानात या बोटीला सगळेच ‘ग्लास बॉटम बोट’ म्हणतात, आणि महाराष्ट्रातून सहलीला जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गटाच्या कार्यक्रमपत्रिकेत तिचा एखादा तरी उल्लेख असतो. फेरी फार मोठी नसते. पंधरा-वीस मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत ती चालते आणि बहुतेकांना ‘आता कुठे दिसायला लागले’ असे वाटत असतानाच बोट किनाऱ्याला लागते. म्हणूनच तिची तयारी आधी करावी लागते.

माझ्या आईला मी पहिल्यांदा अशा फेरीला नेले, तेव्हा दुपारी साडेतीनची वेळ मिळाली होती आणि वारा सुटलेला होता. काचेखाली हिरवट धूसरपणा आणि मधूनच एखादी काळी सावली एवढेच दिसले. ‘यापेक्षा आपल्या विहिरीत जास्त दिसतं,’ असा शेरा मारून तिने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्याच किनाऱ्यावरून तशीच बोट घेतली, तर फेरी संपल्यावर तिला काचेजवळून उठवावे लागले. दोन्ही दिवशी प्रवाळ, म्हणजे चुन्याचे सांगाडे बांधून वसाहतीने राहणारे समुद्री जीव, तेच होते. ऊन, वारा आणि भरतीची स्थिती मात्र वेगळी होती. पुढील बहुतेक सूचना या तीन गोष्टी जुळवून आणण्याविषयीच आहेत.

पहिली पायरी : ठिकाण ठरवणे

अंदमानात काचेच्या तळाची बोट प्रामुख्याने चार ठिकाणी मिळते. पोर्ट ब्लेअरच्या समोरचे नॉर्थ बे, हॅवलॉक म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावरील एलिफंट बीच, नील म्हणजे आताच्या शहीद द्वीपावरील भरतपूर किनारा आणि वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानातील जॉली बॉय बेट. (पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम असे झाले असले, तरी रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत जुने नावच अजून सर्रास कानावर पडते, म्हणून येथेही तेच वापरले आहे.)

हाताशी एकच दिवस असेल आणि मुक्काम पोर्ट ब्लेअरमध्येच असेल, तर नॉर्थ बे सोयीचे पडते. अॅबरडीन भागातील जलक्रीडा संकुलाच्या धक्क्यावरून बोटी सुटतात आणि त्याच दिवशी रॉस बेटही, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपही, पाहून होते. जुन्या वीस रुपयांच्या नोटेच्या मागे नारळाच्या झाडांसह जो किनारा छापलेला होता, तो हाच. येथे गर्दी मात्र फार असते, आणि काचेच्या बोटीखेरीज अर्धपाणबुडीसारख्या इतर फेऱ्यांसाठीही आग्रह होतो. अर्धपाणबुडीत आपण पाण्याच्या पातळीखाली बसून बाजूच्या खिडकीतून पाहतो; तो अनुभव वेगळा आहे आणि बंदिस्त जागेचा त्रास होणाऱ्यांनी तो टाळावा.

भरतपूर किनारा ज्येष्ठांसाठी मला सर्वांत चांगला वाटतो, कारण तो नीलच्या धक्क्याला अगदी लागून आहे, पाणी उथळ आहे आणि बोटीपर्यंत फार चालावे लागत नाही. एलिफंट बीचला हॅवलॉकच्या धक्क्यावरून स्पीडबोटीने किंवा जंगलातल्या पायवाटेने जावे लागते; ती पायवाट पावसानंतर चिखलाची होते. तेथे मुख्य आकर्षण स्नॉर्केलिंगचे, म्हणजे मुखवटा आणि श्वासनळी लावून पाण्यावर तरंगत तळ पाहण्याचे आहे, त्यामुळे कुटुंबातील तरुण मंडळी पाण्यात आणि आजी-आजोबा काचेच्या बोटीत अशी विभागणी करता येते.

या चौघांत निवड करण्याची मुभा असेल आणि एक पूर्ण दिवस देता येत असेल, तर जॉली बॉयला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे जाण्याची खटपट सर्वांत जास्त आहे, नियम सर्वांत कडक आहेत, आणि प्रवाळ टिकून राहण्यात त्या नियमांचा वाटा मोठा आहे.

दुसरी पायरी : महिना आणि दिवस

अंदमानला दोन पावसाळे असतात. मेच्या उत्तरार्धात नैऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि तो ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येकडून येणारा पाऊस डिसेंबरपर्यंत अधूनमधून हजेरी लावत राहतो. पाऊस पडला की ओढ्यांमधून माती समुद्रात येते, वाऱ्याने तळाची वाळू ढवळली जाते आणि पाण्यात बोटभर खोलीचेही दिसेनासे होते. आपल्याकडे मालवणला ज्यांनी स्नॉर्केलिंग केले आहे, त्यांना पाऊस संपून बरेच दिवस गेले तरी पाणी पुरेसे निवळत नाही हा अनुभव असेल. अंदमानात मोठ्या नद्या नसल्याने पाणी लवकर निवळते, पण निवळायला वेळ हा द्यावाच लागतो. दिवाळीच्या सुट्टीपेक्षा जानेवारीअखेर ते एप्रिल हा काळ काचेच्या बोटीसाठी अधिक भरवशाचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये उकाडा असतो, परंतु समुद्र बहुधा तळ्यासारखा शांत असतो.

जॉली बॉयच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. वनखाते हे बेट वर्षभर खुले ठेवत नाही. साधारणतः नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत जॉली बॉय आणि उरलेल्या काळात त्याच उद्यानातील रेड स्किन हे बेट, अशी आलटूनपालटून व्यवस्था असते, म्हणजे प्रवाळाला काही महिने माणसांपासून विश्रांती मिळते. सोमवारी उद्यान बंद असते. सहलीचा कार्यक्रम आखताना सोमवार वंडूरसाठी राखून ठेवण्याची चूक अनेकांकडून होते, आणि ती चूक लक्षात येईपर्यंत परतीचे विमान समोर उभे असते.

आता तिथीविषयी. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते, ओहोटीही तितकीच खोल जाते आणि एवढे पाणी आत-बाहेर होताना प्रवाह जोरात वाहून गाळ उठतो. अष्टमीच्या मागेपुढे भांगाची भरती असते. पाण्याची चढउतार कमी, प्रवाह मंद आणि त्यामुळे पाणी अधिक नितळ. तारखा हातात असतील तर कालनिर्णय काढून अष्टमीजवळचे दिवस निवडावेत. मात्र तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढण्याचा आपल्या कोकणातला जुना हिशेब अंदमानात लावू नये. चंद्र डोक्यावर आल्यानंतर किती वेळाने भरती पूर्ण होते हे प्रत्येक किनाऱ्याचे वेगळे असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पोर्ट ब्लेअरच्या वेळा दिलेल्या असतात, आणि हवामानाच्या बऱ्याच अॅपमध्येही त्या सापडतात.

भरती हवी की ओहोटी, या प्रश्नाचे उत्तर मधले आहे. पूर्ण ओहोटीत प्रवाळाचा माथा पाण्याच्या इतका जवळ येतो की बोट वरून नेता येत नाही आणि नावाडी कडेच्या वाळूवरूनच फेरी उरकतो. पूर्ण भरतीत तळ दूर जातो. पाणी चढू लागल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास उत्तम, कारण त्या वेळी बाहेरचे स्वच्छ पाणी किनाऱ्याकडे येत असते, तर उतरत्या पाण्याबरोबर खाडीतला आणि तिवरांच्या मुळांतला गाळ बाहेर पडत असतो. नीलवर मुक्काम असेल तर याचा दुहेरी फायदा करून घेता येतो. तेथील नैसर्गिक दगडी कमान, जिला स्थानिक बंगाली वस्तीमुळे ‘हावडा ब्रिज’ हे नाव पडले, तिच्यापर्यंत फक्त ओहोटीतच चालत जाता येते. तेव्हा ओहोटीत कमान पाहावी आणि पाणी चढू लागले की भरतपूरला येऊन बोटीत बसावे.

तिसरी पायरी : घड्याळापेक्षा सूर्य पाहणे

ही गोष्ट सहल आखणारेसुद्धा सांगत नाहीत. अंदमान मुंबईच्या जवळजवळ वीस अंश पूर्वेला आहे, पण घड्याळ मात्र तेच. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, या हिशेबाने तेथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे एक तास वीस मिनिटे आधी माथ्यावर येतो. मुंबईत माध्यान्ह साधारणतः साडेबारा-पावणेएकच्या सुमारास होते, तर पोर्ट ब्लेअरला ती सव्वाअकराच्या मागेपुढे. म्हणजे दुपारी जेवून, थोडे पडून, तीन वाजता बोट घ्यावी असे जो ठरवतो, तो खरे तर मुंबईच्या चार वाजून वीस मिनिटांच्या उन्हात समुद्रात डोकावत असतो. डिसेंबरात तर पाचच्या सुमारास सूर्य मावळतो.

ऊन तिरपे झाले की त्यातील बराच प्रकाश पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो आणि जो आत शिरतो त्याला तळापर्यंत लांबचा रस्ता कापावा लागतो. म्हणून सकाळी नऊ ते साडेबारा ही वेळ धरावी. त्यातही मी साडेनऊ ते साडेदहा निवडतो, कारण ऐन माथ्यावरच्या उन्हात बोटीची सावली नेमकी काचेखालीच पडते, तर किंचित कललेल्या उन्हात ती बाजूला सरकते आणि तळ उजळलेला राहतो. ढगाळ दिवस असल्यास शक्य तर फेरी दुसऱ्या दिवसावर ढकलावी. वाऱ्याचा अंदाजही सकाळीच येतो: किनाऱ्यावरून पाहिल्यावर लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला असेल, तर काचेखाली बुडबुड्यांशिवाय फारसे काही दिसणार नाही.

चौथी पायरी : परवाना, तिकीट आणि पिशवी

नॉर्थ बे, भरतपूर आणि एलिफंट बीच येथे बोटीचे तिकीट जागेवर किंवा धक्क्यावर मिळते. दर हंगामानुसार आणि फेरीच्या लांबीनुसार बदलतात, म्हणून पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: फेरी किती मिनिटांची आहे, बोटीत एकूण किती माणसे बसणार आहेत आणि प्रवाळाच्या कोणत्या भागावरून बोट नेणार आहेत. तिसरा प्रश्न विचारल्यावर बोटवाला हाताने दिशा दाखवून सांगू लागला, तर तो जाणकार आहे असे समजायला हरकत नाही. संभाषण हिंदीत सहज होते. प्रवाळाला ते ‘मूंगा’ किंवा सरळ ‘कोरल’ म्हणतात. नेटवर्क जागोजागी जाते, त्यामुळे रोख रक्कम जवळ असावी.

जॉली बॉयची रीत वेगळी आहे. वंडूरचे हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये स्थापन झाले, त्याचे क्षेत्र सुमारे २८१ चौरस किलोमीटर आहे आणि आत जायला वनखात्याचा परवाना लागतो. रोज किती पर्यटक सोडायचे यावर मर्यादा आहे, म्हणून परवाना आदल्या दिवशी किंवा त्याही आधी काढून ठेवावा. प्रत्येकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते. परदेशी पारपत्र असलेले नातेवाईक बरोबर असतील तर त्यांनी मूळ पारपत्र जवळ ठेवावे. बोटीचे तिकीट परवान्याहून वेगळे असते. वंडूरचा धक्का पोर्ट ब्लेअरपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे, तेथे सरकारी बसही जाते. परंतु बोटी सकाळीच सुटत असल्याने चार जणांचे कुटुंब असेल तर टॅक्सी सोयीची पडते.

उद्यानात प्लास्टिक नेण्यास मनाई आहे आणि ही मनाई केवळ फलकावर लिहिण्यापुरती नाही. धक्क्यावर पिशव्या उघडून तपासल्या जातात. बिस्किटांचे पुडे, चिवड्याच्या पिशव्या, पाण्याच्या एकदाच वापरायच्या बाटल्या काढून ठेवाव्या लागतात. पाण्यासाठी अनामत रक्कम भरून परत करण्याच्या बोलीवर बाटली मिळते. बेटावर खाण्यापिण्याचे दुकान नाही. तेव्हा दशम्या, चटणी, उकडलेली अंडी किंवा पोळीची गुंडाळी स्टीलच्या डब्यात घालून न्यावी आणि डबा कापडी पिशवीत ठेवावा. आपल्या आज्या प्रवासाला निघताना जशी शिदोरी बांधत, अगदी तशीच येथे चालते.

पाचवी पायरी : अंगावर काय, पोटात काय

कपडे गडद रंगाचे घालावेत. हे शोभेसाठी नव्हे. पांढरा किंवा फिकट सदरा घातलेला माणूस काचेवर वाकला की त्याच सदऱ्याचे प्रतिबिंब काचेत पडते आणि खालचे मासे त्यात हरवतात. गडद निळा किंवा काळा सदरा असेल तर काच जणू नाहीशी होते. डोक्याला रुंद काठाची टोपी घालावी, म्हणजे ऊन लागत नाही आणि काचेवर सावलीही धरता येते. पायात पट्ट्याच्या रबरी चपला असाव्यात, कारण बऱ्याच ठिकाणी घोटाभर किंवा गुडघाभर पाण्यातून बोटीत चढावे लागते. साडी किंवा लांब घेराचा पोशाख अशा वेळी अडचणीचा ठरतो.

बोट लागण्याचा त्रास साध्या बोटीपेक्षा काचेच्या बोटीत अधिक होतो, आणि त्याचे कारण समजले की उपायही सापडतो. शरीराला डोलणे जाणवत असते, पण मान खाली घालून डोळे मात्र सरकणाऱ्या तळावर खिळलेले असतात. दोन्ही संदेश जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. दर दोन मिनिटांनी मान वर करून क्षितिजाकडे पाहावे. इंजिनाच्या धुराजवळ बसू नये. उपाशी पोटी जाऊ नये आणि पोटभर पुरी-भाजी खाऊनही जाऊ नये. ज्यांना घाटात बस लागते त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून गोळी आधी घ्यावी, कारण मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग फारसा होत नाही.

सहावी पायरी : बोटीत बसणे

लाइफ जॅकेट बोटीत चढण्यापूर्वी घालावे आणि त्याचे सगळे बंद लावून घ्यावेत. उकडते म्हणून ते मांडीवर ठेवणारे लोक नेहमी दिसतात. मांडीवरचे जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. मुलांसाठी त्यांच्या मापाचे मागून घ्यावे. काचेवर पाय ठेवू नये, चढताना बोटीच्या मध्यावर पाय टाकावा आणि मासा दिसला म्हणून सगळ्यांनी एका बाजूला धावू नये.

बसण्याची जागा शक्य असल्यास अशी निवडावी की पाठ उन्हाकडे राहील, म्हणजे आपल्याच सावलीत काच येते. बहुतेक बोटींत मधोमध काचेचा हौद आणि दोन्ही बाजूंना बाके असतात. कोपऱ्यातल्या जागेवरून तिरपे दिसते. मधली जागा मिळवण्यासाठी रांगेत जरा लवकर उभे राहावे लागते. लहान मुलांना मध्ये बसू दिले तर भांडणे कमी होतात, असा अनुभव आहे.

जॉली बॉयला जाताना वंडूरहून मोठ्या बोटीने तिवरांनी वेढलेल्या बेटांमधून सुमारे तासभराचा प्रवास होतो. बेटाला धक्का नाही. मोठी बोट थोड्या अंतरावर थांबते आणि तेथून छोट्या काचेच्या बोटींतून माणसे किनाऱ्यावर नेली जातात. त्यामुळे बेटावर उतरण्याआधीच पहिली झलक दिसते. ती नुसती ने-आण समजून लोक फोनमध्ये डोके घालून बसतात. तसे करू नये. किनाऱ्याजवळचा उथळ भाग याच वेळी अगदी जवळून दिसतो.

सातवी पायरी : प्रत्यक्ष पाहणे

पहिल्या दोन-तीन मिनिटांत बहुधा निराशा पदरी पडते. दूरचित्रवाणीवर पाहिलेले लाल, गुलाबी, जांभळे रंग काचेखाली नसतात. पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषते. पाचेक मीटर पाणी कापेपर्यंत त्यातला बहुतेक भाग नाहीसा होतो. आणि तीन मीटर खोलीवरच्या दगडाकडे आपण पाहतो, तेव्हा प्रकाशाने तीन मीटर खाली जाऊन तीन मीटर वर यायचे असते. पडद्यावरच्या चित्रणात कॅमेऱ्याबरोबर पाण्याखाली दिवा असतो, आपल्याकडे फक्त ऊन असते. उरतात ते निळे, हिरवे, पिवळे आणि तपकिरी रंग.

शिवाय ‘पोवळे’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंगठीतला लाल खडा येतो. तो लाल पोवळ्याचा प्रकार मुख्यतः भूमध्य समुद्रातला आणि वेगळ्याच जातीचा आहे. अंदमानातल्या खडक बांधणाऱ्या प्रवाळाचा जिवंत रंग बहुधा मोहरीसारखा, मेंदीसारखा किंवा कॉफीसारखा असतो. हा रंग त्यांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. शैवाल उन्हातून अन्न तयार करते, त्यातले बरेचसे प्रवाळाला देते आणि बदल्यात त्याच्या अंगात आसरा घेते. त्यामुळे तपकिरी दिसणाऱ्या खडकाला ‘मेलेला’ म्हणून नाके मुरडू नयेत; तोच धडधाकट असतो. उलट चुन्यासारखा पांढराशुभ्र दिसणारा प्रवाळ पाहून शेजारचा प्रवासी ‘वा, किती सुंदर’ म्हणाला, तर समजावे की आजारी प्रवाळाचे कौतुक चालले आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने पाणी काही आठवडे तापून राहिले की शैवाल निघून जाते आणि आतला चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे मोठ्या प्रमाणावर घडले. काही वसाहती सावरतात; ज्या सावरत नाहीत, त्यांच्यावर राखाडी-हिरवी लव चढते. अशी लव चढलेला तो मृत प्रवाळ. एका फेरीत हे तिन्ही प्रकार दिसतात आणि एकदा ओळखता आले की तळ नुसता खडकाळ वाटत नाही.

याच तळाने २६ डिसेंबर २००४ चा भूकंपही सोसला आहे. त्या दिवशी दक्षिण अंदमानचा किनारा खचला, तर उत्तरेकडे काही ठिकाणी प्रवाळाचे थर कायमचे पाण्याबाहेर उचलले गेले. वंडूरच्या किनाऱ्यावर आडवे पडलेले प्रचंड वृक्ष त्याच काळाची खूण आहेत.

डोळे स्थिरावले की आकारांकडे लक्ष द्यावे. सांबराच्या शिंगांसारख्या फांद्या फुटलेले प्रवाळ वेगाने वाढतात आणि सहज मोडतात. त्यांच्या फांद्यांत निळे-हिरवे चिमुकले मासे थव्याने राहतात आणि बोटीची सावली पडली की एकदम आत शिरतात. घुमटासारखे, पिठाच्या गोळ्यासारखे दिसणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. तेव्हा बैलगाडीच्या चाकाएवढा घुमट दिसला, तर तो आपल्यापेक्षा वयाने मोठा असण्याचा पुष्कळ संभव आहे. काही घुमटांवर मेंदूसारख्या वळ्या असतात.

वाळूच्या पट्ट्यावर काळपट, पडवळाच्या तुकड्यासारखे काही पडलेले दिसले तर ती समुद्री काकडी. ती वाळू गिळते, त्यातले अन्न काढून घेते आणि स्वच्छ वाळू मागे टाकते. लांब काट्यांचा काळा गोळा म्हणजे सागरी साळू. प्रवाळाला चोच मारणारा हिरवा-निळा मासा म्हणजे पोपटमासा. तो प्रवाळाचा चुना दातांनी कुरतडतो आणि त्याचे बारीक पीठ करून विष्ठेतून टाकतो. आपण ज्या पांढऱ्या वाळूवर अनवाणी चालण्यासाठी एवढा खर्च करून गेलेलो असतो, तिच्यातली बरीचशी वाळू या माशाच्या पोटातून आलेली असते, हे मुलांना सांगितले की उरलेल्या सहलीत दुसरा विषय निघत नाही.

खडकात रुतलेला महाशिंपला पाहायचा असेल तर बोटीच्या सावलीच्या कडेवर नजर ठेवावी. त्याचे निळे-हिरवे मखमली ओठ उघडे असतात, आणि सावली अंगावरून सरकली की तो ते झटकन आत घेतो. नुसत्या तळाकडे टक लावून पाहणाऱ्याला तो दगडच वाटतो. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा मात्र शोधत बसू नये. समुद्रफुलाच्या, म्हणजे तळाला चिकटून राहणाऱ्या फुलासारख्या प्राण्याच्या, लोंबत्या शेंड्यांचा झुपका शोधावा, मासा त्यातच असतो.

दिसणाऱ्या अंतराविषयी एक सावधगिरी. हवेतून पाण्यात पाहताना खोली तीनचतुर्थांशच भासते. चार मीटर खोल पाणी तीन मीटरचे वाटते, म्हणजेच ‘इथे तर कमरेएवढेच पाणी आहे’ असे वाटून कोणी उतरायचा हट्ट धरला, तर त्याला थांबवावे.

फोटोंविषयी थोडक्यात: फ्लॅश बंद ठेवावा, फोनची पाठ काचेला टेकवावी आणि भोवती टोपी किंवा ओढणी धरून प्रकाश अडवावा. दोन-चार फोटो झाले की फोन खिशात ठेवावा. पडद्यातून पाहणाऱ्याला महाशिंपला कधीच दिसत नाही.

आठवी पायरी : काय करू नये

काही बोटवाले मासे वर यावेत म्हणून पाव किंवा बिस्किटाचा चुरा टाकतात. प्रवाशांना ते आवडते, पण ज्या माशांनी प्रवाळावरचे शैवाल खाऊन तो साफ ठेवायचा, ते पावाला सोकावतात. ‘नको, आम्हाला नुसते पाहायचे आहे’ असे नम्रपणे सांगितले की बोटवाला थांबतो. नांगर कोठे टाकतो तेही पाहावे. वाळूवर टाकला तर ठीक, प्रवाळावर टाकत असेल तर विनंती करावी.

किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे, शंख आणि शिंपले उचलू नयेत, मग ते मेलेले आणि लाटांनी आणून टाकलेले का असेनात. प्रवाळ, महाशिंपला आणि समुद्री काकडी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. विमानतळावर सामानाच्या तपासणीत असे तुकडे सापडतात, जप्त होतात आणि प्रकरण दंडापर्यंत जाऊ शकते. देव्हाऱ्यासाठी शंख हवाच असेल तर परवानाधारक दुकानातून घ्यावा आणि पावती सामानात नव्हे, पाकिटात ठेवावी.

वंडूरच्या परिसरात खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा वावर आहे; जवळच लोहाबॅरक हे मगरींसाठी राखलेले अभयारण्य आहे. धक्क्यावर बोटीची वाट पाहताना ‘पाय ओले करून येतो’ म्हणत खाडीच्या बाजूला कोणीही जाऊ नये. किनाऱ्यावर सूचनांचे फलक आहेत, ते वाचावेत, आणि पोहण्याची मुभा ज्या आखलेल्या जागेत असेल तेवढ्यातच पाण्यात उतरावे.

परतीच्या मोठ्या बोटीत बसण्यापूर्वी डबे, पिशव्या आणि मुलांनी खिशात भरलेले शिंपले एकदा तपासून घ्यावेत. वंडूरला उतरल्यावर पाण्याची बाटली खिडकीवर परत करून अनामत रक्कम मागून घ्यावी. शहराकडे जाणारी बस गाठण्याच्या घाईत कितीतरी लोक ती तशीच सोडून जातात.